‘आज व्यायाम नाही’ : एका माणसाच्या चालण्याचं भाकीत करताना

पार्श्वभूमी

कोल्हापुरातल्या एका छोट्या फिजिओथेरपी केंद्रात मी आठवड्यातून तीन दिवस समुपदेशक म्हणून बसते. साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला, गुडघे कुरकुरायला लागलेले, आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘रोज 45 मिनिटं चाला’ असं लिहून दिलेलं, अशी माणसं आमच्याकडे येतात. चिठ्ठी घेऊन येणारे पुष्कळ, चालणारे थोडे.

2024 च्या जूनमध्ये अशा आठ जणांची आम्ही बारा आठवड्यांची तुकडी केली. माणसं तीनच होतो: फिजिओथेरपिस्ट, मी आणि मानसशास्त्रात एम.ए. करणारी एक विद्यार्थिनी. आठवड्यातून दोनदा फोन करून विचारपूस करायची, अडलं तर मार्ग काढायचा, असं ठरलं. पण हिशेब मांडल्यावर लक्षात आलं की एवढा वेळ चौघांनाच देता येईल. मग कुणाला द्यायचा? ज्यांचं चालणं सुटण्याची शक्यता जास्त, त्यांना. आणि ती शक्यता ओळखायची कशी, तर मानसशास्त्रातला एक नावाजलेला सिद्धांत वापरून. हे प्रकरण त्या निर्णयाचं आहे, आणि त्यातून जवळपास हातचा निसटलेल्या एका माणसाचं. त्यांच्या परवानगीने लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. इथे त्यांना फक्त ‘काका’ म्हणते, केंद्रातही सगळे तसंच म्हणतात.

सिद्धांत म्हणजे आइसेक आयझेन यांचा ‘नियोजित वर्तनाचा सिद्धांत’. 1985 मध्ये त्यांनी तो मांडला, 1991 च्या लेखात नीट घडवला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: माणूस एखादी गोष्ट करेल का, हे सगळ्यात जास्त त्याच्या इराद्यावर ठरतं. इरादा तीन गोष्टींनी घडतो. ती गोष्ट त्याला चांगली वाटते का, जवळच्या माणसांची त्याच्याकडून ती अपेक्षा आहे का, आणि आपल्याला ते जमेल असा त्याला भरवसा आहे का. हा भरवसा इराद्यातून तर काम करतोच, शिवाय थेट वागण्यावरही परिणाम करतो. व्यायामाच्या अभ्यासात हा सिद्धांत अनेक वर्षं वापरला गेला आहे. 2001 मध्ये आर्मिटेज आणि कॉनर यांनी वेगवेगळ्या विषयांवरचे 185 अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा माणसामाणसांच्या वागण्यात दिसणाऱ्या फरकापैकी सुमारे 27 टक्के फरक या सिद्धांताने समजावता येत होता, इराद्यातला फरक 39 टक्के. मानसशास्त्रात हे आकडे चांगले समजले जातात.

आम्ही चार विभागांची प्रश्नावली केली. प्रत्येक उत्तराला 1 ते 7 गुण. ‘रोज व्यायाम करणं माझ्यासाठी चांगलं आहे’, ‘मी रोज व्यायाम करावा असं घरच्यांना वाटतं’, ‘रोज व्यायाम करणं मला जमेल’, ‘पुढचे बारा आठवडे रोज व्यायाम करण्याचा माझा इरादा आहे’. या वाक्यांमधला ‘व्यायाम’ हा शब्द लक्षात ठेवावा. आम्ही तो काही विचार न करता घातला होता.

काका 56 वर्षांचे. घर मंगळवार पेठेत, काम गुजरीतल्या, म्हणजे इथल्या सराफ बाजारातल्या, एका पेढीवर, तीस वर्षं हिशेबाचं. सकाळी साडेदहाला गादीवर बसायचं ते रात्री शटर खाली ओढेपर्यंत. साखर दोन वर्षांपूर्वी निघाली. पण लहानपण तालमीत गेलेलं, लाल मातीत. लग्नानंतर दोनेक वर्षांत तालीम सुटली तरी खांद्यांची ठेवण अजून तीच. प्रश्नावली भरताना ते पेन दाबून 7 वर गोल काढत गेले. चारही विभागांत तुकडीतले सगळ्यात जास्त गुण त्यांचेच. सोबत काकी आल्या होत्या. बाकावर फाइल मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना आम्ही पाणी विचारलं, बाकी काही नाही.

सगळ्यात कमी गुण शाळेत शिकवणाऱ्या एका वहिनींचे. ‘जमेल’ या विभागात त्यांनी सगळीकडे 2 लिहिलं होतं. सकाळची शाळा, घरी अंथरुणाला खिळलेले सासरे. त्यांचं नाव फोनच्या यादीत पहिलं घातलं. काकांचं घातलं नाही. विद्यार्थिनीने वहीत त्यांच्या नावासमोर लिहिलं: ‘नक्की टिकतील.’ मला ते पटलं होतं.

अडचण

दर पंधरा दिवसांनी सगळ्यांना केंद्रात बोलवायचो. दुसऱ्या आठवड्यात काकांना विचारलं, ‘‘काका, कसं चाललंय?’’ ते म्हणाले, ‘‘चाललंय की. काय अडचण न्हाई.’’ चौथ्या आठवड्यातही तेच उत्तर. आम्ही पुढच्या माणसाकडे वळलो.

सहाव्या आठवड्यात, जुलैच्या मध्यावर, ते लंगडत आले. उजवा गुडघा सुजला होता. फिजिओथेरपिस्टने हात लावून विचारलं, ‘‘चालताना लागलं का?’’ काका गप्प. मग म्हणाले, ‘‘चालताना कशाला लागंल? बैठका मारताना.’’

हळूहळू सगळं बाहेर आलं. सहा आठवड्यांत काकांनी माडीवर नऊ वेळा व्यायाम केला होता. एकेका वेळेला शंभर-शंभर बैठका आणि जमतील तेवढे जोर, तीस वर्षांपूर्वीच्या अंदाजाने. दुसऱ्या दिवशी अंग धरायचं, मग तीन-चार दिवस काही नाही, मग मनाला लागलं की पुन्हा शंभर. चालायला मात्र एकदाही गेले नव्हते. मी विचारलं, ‘‘डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं ना, काका?’’ त्यांचं उत्तर मी त्याच दिवशी लिहून ठेवलं: ‘‘चालणं हा काय व्यायाम व्हय? ते बायामाणसं आणि म्हाताऱ्यांचं.’’

बोलताना मान खाली होती. आमच्याशी खोटं बोललो याची त्यांना लाज वाटत होती. मला आमची वाटत होती. नीट पाहिलं तर ते खोटं बोललेही नव्हते. ‘रोज व्यायाम करण्याचा इरादा आहे का’ हे आम्ही विचारलं होतं. होता. ‘व्यायाम चालू आहे का’ हे आम्ही विचारलं. चालू होता, त्यांना जो व्यायाम वाटत होता तो.

आयझेन आणि फिशबाइन यांनी 1977 मध्येच बजावून ठेवलेली गोष्ट आम्ही विसरलो होतो: ज्या वागण्याचं भाकीत करायचं, अगदी त्याच वागण्याविषयी विचारा. कुठली कृती, कशाच्या संदर्भात, कुठे, कधी, या चारही बाबतीत प्रश्न आणि वागणं जुळलं पाहिजे. कोल्हापूरसारख्या गावात हे आम्हाला आधीच सुचायला हवं होतं. शाहू महाराजांनी उभारलेलं कुस्त्यांचं खासबाग मैदान ज्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, त्यांच्या पिढीत ‘व्यायाम’ या शब्दाला मातीचा वास आहे. मी शिकले ती पुस्तकं या शब्दाखाली चालणंही धरतात. काका धरत नाहीत.

वहिनींचं उलट झालं. त्या आठवड्यातून पाच दिवस शिवाजी विद्यापीठाच्या आवारात चालत होत्या, तुकडीत सगळ्यात नियमित. म्हणजे आमचं भाकीत दोन्ही टोकांना चुकलं, असं त्या दिवशी वाटलं. पण वहिनींच्या बाबतीत तसंही म्हणता येत नाही. ‘सुटेल’ असं भाकीत होतं म्हणूनच त्यांना फोन गेले, आणि फोनमुळे त्या टिकल्या असतील तर भाकीत बरोबरही असू शकतं. ज्या भाकितावर मदतीची वाटणी केली, ते भाकीत मग तपासताच येत नाही. हे आम्हाला आधी दिसलं नव्हतं.

समोरचे पर्याय

त्या संध्याकाळी आम्ही तिघं बसलो. पहिला पर्याय सोपा होता: काकांना फोनच्या यादीत घ्यायचं आणि चालण्याचे फायदे पुन्हा समजावायचे. विद्यार्थिनीचा कल याकडे होता. माझं म्हणणं होतं की फायदे न कळल्यामुळे काका थांबलेलेच नाहीत. इराद्याला अजून धक्का देऊन काय मिळणार? वेब आणि शीरन यांनी 2006 मध्ये असे प्रयोग एकत्र करून पाहिले होते. इरादा बऱ्यापैकी वाढवला तरी वागण्यात बदल त्या मानाने लहानच होतो, असं त्यांना आढळलं. व्यायामाच्या बाबतीत तर 2013 मध्ये ऱ्होड्स आणि डी ब्राइन यांनी दाखवलं की इरादा बाळगणाऱ्यांपैकी 46 टक्के लोक तो पार पाडत नाहीत. काका त्या 46 टक्क्यांत होते आणि त्यांचा इरादा आधीच छताला टेकलेला होता.

दुसरा पर्याय फिजिओथेरपिस्टने मांडला. त्यांना आवडतं तेच द्यायचं, पण बेताचं: दहा जोर, पंधरा अर्ध्या बैठका, हळूहळू वाढवत. हा पर्याय मला अजूनही मोलाचा वाटतो. आम्ही तो बाजूला ठेवला तो केवळ सुजलेल्या गुडघ्यामुळे.

तिसरा पर्याय: प्रश्नावली दुरुस्त करून, ‘व्यायाम’च्या जागी ‘चालणं’ घालून, पुन्हा भरून घ्यायची. यावर आमचं सगळ्यात जास्त बोलणं झालं, कारण पहिल्यांदा हाच मार्ग बरोबर वाटला होता. पण दुरुस्त प्रश्नावलीनेही काय कळलं असतं? आठ जणांत काकांचा नंबर कितवा, एवढंच. काका मंगळवारी चालतील आणि बुधवारी का चालणार नाहीत, हे त्यातून निघत नाही. ते 27 टक्के माणसामाणसांतल्या फरकाबद्दल आहेत. एकाच माणसाच्या एका दिवसात आणि दुसऱ्या दिवसात जो फरक असतो, तो वेगळा विषय आहे. साधं उदाहरण नाडीचं. जी माणसं नेहमी व्यायाम करतात त्यांची विश्रांतीतली नाडी इतरांपेक्षा मंद असते. म्हणून एखादा माणूस व्यायाम करत असताना त्याची नाडी मंद होते का? उलट वाढते. घोळक्यात दिसणारं नातं एकट्या माणसात तसंच दिसेल याची हमी नसते. पीटर मोलेनार यांनी 2004 पासून हा मुद्दा गणिताच्या आधाराने लावून धरला आहे. आणि 2013 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी हाच आयझेनचा सिद्धांत सहा माणसांवर, प्रत्येकावर वेगळा, रोजच्या नोंदींवरून तपासला. सगळ्यांना एकच सूत्र लागू पडलं नाही.

म्हणून चौथा पर्याय घेतला: एकच माणूस, रोजची नोंद, सहा आठवडे. भीती एवढीच होती की नोंद ठेवायला लावणं हीच एक टोचणी होईल आणि काका नोंदीसाठी चालतील. तसं झालंही असेल. पण तेव्हा आम्हाला शुद्ध प्रयोगापेक्षा काकांचं चालणं महत्त्वाचं वाटलं, आणि त्या निवडीबद्दल मला आज वाईट वाटत नाही.

काय केलं

काकांनीच वही आणली. पेढीवरून दिवाळीला गिऱ्हाइकांना द्यायची खिशात मावणारी डायरी, वर अंबाबाईचं चित्र. एका पानावर एक दिवस. रात्री जेवण झाल्यावर पाच ओळी लिहायच्या: उद्या चालायचा इरादा किती, जमेल असं किती वाटतं, चालल्यावर बरं वाटेल असं किती वाटतं, घरच्यांची अपेक्षा किती, आणि पेढी किती वाजता बंद झाली. खाली ‘आज व्यायाम झाला का’ आणि फोनमधला पावलांचा आकडा. फोन पेढीवर टेबलावर ठेवत जाऊ नका, सदऱ्याच्या खिशात ठेवा, हे विद्यार्थिनीने दोनदा सांगितलं. हिशेबाच्या माणसाला नोंदीचं वावडं नव्हतं. 42 रात्रींपैकी 39 रात्री भरल्या, त्याही टाक घेऊन लिहावं तशा रेखीव अक्षरात.

दर आठवड्याला आम्ही पानं चाळायचो. इरादा: 36 रात्री 7, तीन रात्री 6. घरच्यांची अपेक्षा: रोज 7. म्हणजे सिद्धांतातला सगळ्यात वजनदार घटक काकांच्या बाबतीत जागचा हलतच नव्हता. आणि जी गोष्ट हलत नाही ती हलणाऱ्या गोष्टीचा अंदाज देऊ शकत नाही. इरादा कुचकामी आहे असा याचा अर्थ मी घेत नाही. इरादा नसता तर काका आमच्याकडे आलेच नसते. पण कुठल्या सकाळी ते उठतील आणि कुठल्या नाही, हे इरादा सांगत नव्हता.

हलत होता तो ‘जमेल’चा आकडा. कधी 2, कधी 7. शेजारी पेढी बंद झाल्याची वेळ वाचली की त्यामागचं कारण दिसायचं. नऊच्या आत शटर खाली आलं त्या रात्री 5, 6, 7. नऊनंतर बंद झालं की 3 किंवा त्याहून कमी, आणि दुसऱ्या दिवशी बहुतेक वेळा सकाळ झोपेत गेलेली. पाऊस हे कारण असेल असं आम्ही तिघांनीही धरलं होतं, जुलैचं कोल्हापूर म्हटल्यावर. पानांवर तसं काही दिसेना. धो धो पावसाच्या दिवशी काका छत्री घेऊन बाहेर पडलेले होते.

पण खरा शोध विद्यार्थिनीने लावला, आणि तो आकड्यांच्या शेवटच्या ओळीत होता. पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी 39 फुटांची इशारा पातळी ओलांडली त्या सुमाराचं एक पान. ‘आज व्यायाम झाला का’ पुढे लिहिलेलं: ‘नाही. पाणी बघायला गेलतो.’ त्याखाली पावलं: 8,140.

तिने मागची पानं उलटली. शुक्रवार: ‘व्यायाम नाही’, पावलं सहा हजारांच्या वर. मंगळवार: ‘व्यायाम नाही’, पुन्हा सहा हजारांच्या वर. एरवी दोन-अडीच हजार. पुढच्या भेटीत ती पानं काकांसमोर ठेवून मी विचारलं, ‘‘काका, मंगळवार-शुक्रवार कुठं जाता?’’

‘‘कुठं म्हणजे? देवीला. चालतच जातोय की, पहाटे. लहानपणापासनं.’’

‘‘आणि पाणी बघायला?’’

‘‘घाटावर. सगळी पेठच चालली होती.’’

डायरी हातात घेऊन ते बराच वेळ बघत राहिले. ज्या माणसाला आपण सहा आठवडे ‘चालत नाही’ म्हणत होतो तो आठवड्यातून दोनदा, पावसापाण्यात, कुणी न सांगता चालत होता. त्याने ते कधी मोजलं नव्हतं, आणि आम्ही कधी विचारलं नव्हतं.

पुढची आखणी इथूनच निघाली. नवं काही लादायचं नाही, आहे तेच वाढवायचं. पीटर गोल्विट्झर यांनी ‘अमुक झालं की तमुक करायचं’ असा नेमका बेत आधीच ठरवण्याचं महत्त्व दाखवून दिलं आहे. 2006 मध्ये त्यांनी आणि शीरन यांनी अशा 94 चाचण्या एकत्र करून पाहिल्या, त्यात या साध्या युक्तीचा परिणाम चांगलाच निघाला. काकांनी स्वतःच्या शब्दांत दोन बेत लिहिले. पहिला: ‘महाद्वारातून बाहेर पडून पायात चप्पल घातली की घराकडे वळायचं नाही, रंकाळ्याकडे वळायचं.’ दुसरा, उशीर होणाऱ्या रात्रींसाठी: ‘शटर नऊनंतर ओढलं तर दुसऱ्या दिवशी सकाळचा हट्ट नाही, दुपारी डबा खाल्ल्यावर वीस मिनिटं.’ मंगळवार-शुक्रवारचं देवदर्शन रोजचं झालं. गर्दी असली तर बाहेरूनच मुखदर्शन.

‘व्यायाम’ हा शब्द आम्ही त्यांच्याशी बोलताना वापरणं सोडलं.

निकाल

सप्टेंबरचे पहिले 28 दिवस आम्ही एक तपासणी केली. डायरीतून निघालेला नियम असा होता: पेढी नऊच्या आत बंद आणि ‘जमेल’ 5 किंवा जास्त, तर उद्या काका चालतील, नाहीतर नाही. काका रात्री दोन आकडे कळवायचे, विद्यार्थिनी आपलं भाकीत वहीत लिहायची, त्यांना सांगायची नाही. 28 पैकी 21 दिवस बरोबर निघाले.

ऐकायला छान वाटतं, म्हणून पुढचंही सांगायला हवं. त्या 28 दिवसांत काका 19 दिवस चालले. म्हणजे डोळे मिटून रोज ‘चालतील’ लिहिलं असतं तरी 19 बरोबर आले असते. आमच्या नियमाची कमाई दोन दिवसांची. पण न चाललेल्या नऊ दिवसांपैकी सहा नियमाने आदल्या रात्रीच ओळखले होते, आणि मदतीचा फोन करायचा तर तो नेमका त्या रात्री करायचा असतो. तिथे जूनच्या प्रश्नावलीकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

मग ऑक्टोबर आला आणि दोन्ही बेत एकदम कोसळले. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाभोवती काय परिस्थिती असते हे कोल्हापूरकराला सांगायला नको. रांगा, बॅरिकेड, रस्ते बंद. पहाटेचं दर्शन अशक्य. त्यात दसरा आणि पाठोपाठ धनत्रयोदशी म्हणजे गुजरीतला सगळ्यात घाईचा काळ, शटर दहाच्या आत खाली येत नव्हतं. दुपारचे वीस मिनिटंही गेली. मी या गावात वाढले, दरवर्षी ती गर्दी बघते, आणि देवळाला बांधलेला बेत लिहून घेताना एकदाही मनात आलं नाही की महिन्याभरात नवरात्र आहे. माझ्या कामातली ही सगळ्यात सरळ चूक.

नवरात्राच्या पाचव्या-सहाव्या दिवशी काकांनी पावलांचे आकडे पाठवले. ते कमी झालेले नव्हते. वाढले होते. देवळाच्या परिसरात गाड्या सोडत नसल्यामुळे काका घरूनच चालत पेढीवर जात होते आणि रात्री चालत परत येत होते. मंगळवार पेठेतून गुजरी, वीस-बावीस मिनिटांची वाट, दोन्ही वेळा मिळून चाळीस-पंचेचाळीस. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलेलं तेवढंच. शटर नऊला पडो की अकराला, घरी तर जायचंच असतं.

दसऱ्यानंतर रस्ते मोकळे झाले. स्कूटर पुन्हा काढायची की नाही, हा निर्णय काकांनी आम्हाला न विचारता घेतला. डिसेंबरअखेरीस आम्ही पाहिलं तेव्हा ते आठवड्यातून पाच-सहा दिवस चालत जात-येत होते. डायरी नोव्हेंबरातच बंद केली होती, त्यानंतरचं फक्त फोनवरून. जूनमध्ये 8.2 असलेलं एचबीए1सी (आधीच्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारा आकडा) डिसेंबरात 7.3 आलं. ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी गोळीही बदलली होती, त्यामुळे यातलं चालण्याचं किती, हे वेगळं काढता येणार नाही. गुडघा पूर्ण बरा आहे.

सवय लागली का? लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट आपोआप घडायला लागायला मध्यम मानाने 66 दिवस लागतात, पण माणसागणिक हा काळ 18 दिवसांपासून थेट 254 दिवसांपर्यंत पसरलेला निघाला. काकांचे 66 दिवस डिसेंबरातच झाले. ते कुठल्या टोकाचे आहेत हे त्यांच्या आकड्यांतूनच कळेल.

वेगळं काय करता आलं असतं

पावलांचा आकडा पहिल्या आठवड्यातच पाहायला हवा होता. सगळ्यांच्या खिशात फोन होते. आम्ही विचारत बसलो, पाहिलं नाही.

फोनसाठी चौघांची निवड भाकितावर करायला नको होती. निदान पहिले दोन आठवडे सगळ्यांना एकेक फोन करून, प्रत्यक्षात काय घडतं आहे ते पाहून मग ठरवता आलं असतं. ज्याचे गुण जास्त त्याला मदत नको, हा आमचा हिशेब होता, आणि ज्याचा इरादा मोठा त्याला अपयश कबूल करणंही जड जातं, हे त्यात धरलंच नव्हतं. चौथ्या आठवड्यात ‘चाललंय की’ म्हणताना काकांचा आवाज कसा होता ते मला आता आठवतो. तेव्हा घाई होती.

गुडघा बरा झाल्यावर त्यांना बेताचे जोर द्यायला हवे होते, असं फिजिओथेरपिस्टचं म्हणणं आहे आणि ते मला मान्य आहे. चालणं त्यांनी स्वीकारलं, पण माती त्यांची आवड होती. जानेवारीत आम्ही ते सुरू केलं: दहा जोर, भिंतीला टेकून, एक दिवसाआड.

आणि काकी. नोव्हेंबरात डायरी परत द्यायला त्या एकट्याच आल्या होत्या. मी सहज विचारलं, ‘‘काकी, जूनमध्ये तुम्हाला काय वाटलं होतं? काका चालतील असं?’’

‘‘छे ओ,’’ त्या लगेच म्हणाल्या. ‘‘ह्यांचं मला ठावं हाय. चार दिवस बैठका मारणार, पाय धरून बसणार. दर वर्षी हेच. देवीला मात्र चुकायचं न्हाईत.’’

सहा आठवड्यांच्या डायरीतून आम्ही जे काढलं ते सगळं त्या दोन-तीन वाक्यांत होतं, आणि जूनमध्ये त्या आमच्या समोरच्या बाकावर अर्धा तास बसून होत्या. जानेवारीच्या तुकडीपासून घरून सोबत आलेल्या माणसाला आम्ही वेगळं बसवून तीन प्रश्न विचारतो: याआधी यांनी असं कधी सुरू केलं होतं का, ते कशामुळे थांबलं, आणि न सांगता पायी कुठे जातात. नव्या तुकडीत सात जण आहेत. पाच जणांसोबत कुणीतरी आलं होतं. उरलेल्या दोघांच्या घरी विद्यार्थिनी येत्या रविवारी जाणार आहे.